संचित रजा व अभिवचन रजा : बंदिवासाच्या अखेरीची पूर्वतयारी
(नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहाच्या संदर्भात एक विवेचन)

शिक्षा भोगत असलेल्या बंदिवानास ठरावीक मुदतीसाठी घरी जाऊ देणे आणि मुदत संपताच त्याने आपल्या पायांनी तुरुंगाच्या दारात परत येणे, ही गोष्ट प्रथमदर्शनी कोणासही विसंगत वाटेल. ज्याला कोंडून ठेवण्यासाठी भिंती बांधल्या, पहारे बसवले, त्यालाच पंधरा दिवसांसाठी दार उघडून द्यावयाचे, आणि तेही केवळ त्याच्या व त्याच्या एखाद्या आप्ताच्या लेखी हमीवर! परंतु आधुनिक दंडशास्त्रात या विसंगतीलाच फार मोठे स्थान आहे. महाराष्ट्रातील कारागृहांत ती सहा दशकांहून अधिक काळ नियमबद्ध स्वरूपात नांदत आली आहे. प्रस्तुत लेखात या व्यवस्थेची घडण, तिच्यामागील तर्क आणि तिच्यातील एक मूलभूत उणीव यांचा विचार करावयाचा आहे. उदाहरणे शक्य तेथे नाशिकची घेतली आहेत.

प्रारंभी संज्ञांचा उलगडा केला पाहिजे, कारण वृत्तपत्रे दोन्ही प्रकारांना सरसकट ‘पॅरोल’ म्हणतात आणि त्यामुळे चर्चेत पुष्कळ घोटाळा होतो. शासनव्यवहारात ‘फर्लो’साठी संचित रजा आणि ‘पॅरोल’साठी अभिवचन रजा अशा दोन संज्ञा रूढ आहेत. मूळचे दोन्ही शब्द लष्करी छावणीतून आलेले आहेत. पॅरोल हा फ्रेंच भाषेतील शब्द. त्याचा अर्थ वचन. युद्धकैद्याने आपल्या इभ्रतीची शपथ घालून पळून न जाण्याचे वचन द्यावे आणि त्यावर त्यास मोकळीक मिळावी, अशी ती चाल होती. फर्लो हा डच भाषेतून इंग्रजीत आलेला, शिपायाच्या रजेचा शब्द. म्हणजे एक शब्द शत्रूच्या कैद्याचा व दुसरा आपल्याच शिपायाचा. शिपायाला रजा मिळते ती सेवा केल्यामुळे, कमाई म्हणून. कैद्याला मोकळीक मिळते ती वचन दिल्यामुळे, विश्वास म्हणून. हा भेद आजच्या नियमांतही पुसट का होईना टिकून आहे. मराठी भाषांतरकारांनी ‘संचित’ हा शब्द योजला, हे त्यांच्या मार्मिकतेचे लक्षण मानावयास हरकत नाही. संचित, प्रारब्ध, क्रियमाण ही त्रयी आपल्या परिचयाची आहे. पूर्वी केलेल्या वर्तनाचे साठवलेले फळ ते संचित. आणि ही रजा तशीच, भोगलेल्या वर्षांच्या हिशोबाने साठत जाते.

या विषयाचा आधारग्रंथ म्हणजे १९५९ चे मुंबई फर्लो व पॅरोल नियम. १८९४ च्या तुरुंग अधिनियमाने दिलेल्या अधिकारांखाली तत्कालीन द्विभाषिक मुंबई राज्याने ते केले. पुढच्याच वर्षी, १ मे १९६० रोजी, राज्याचे विभाजन झाले. पण नियम दोन्ही वारसांकडे गेले. म्हणूनच या नियमांवरील सर्वोच्च न्यायालयाचा अलीकडचा महत्त्वाचा निर्णय, २०२१ चा, गुजरातमधून उद्भवलेल्या नारायण साई प्रकरणातील आहे, आणि तो महाराष्ट्राच्या अभ्यासकासही वाचावा लागतो.

मूळ नियमांची रचना पाहू. एक वर्षाहून अधिक परंतु पाच वर्षांहून अधिक नाही अशी शिक्षा झालेल्या बंद्यास प्रत्यक्ष भोगलेल्या दर वर्षामागे दोन आठवड्यांची संचित रजा मिळू शके. पाच वर्षांहून अधिक शिक्षा असल्यास दर दोन वर्षांमागे दोन आठवडे. यास दोन परंतुके जोडलेली होती, आणि माझ्या मते साऱ्या नियमावलीचे मर्म त्या परंतुकांतच आहे. जन्मठेपेखेरीज अन्य दीर्घ मुदतीच्या बंद्यास शिक्षेची शेवटची पाच वर्षे उरली म्हणजे दोन वर्षांऐवजी दरवर्षी रजा मिळावी. आणि जन्मठेपेच्या बंद्यास प्रत्यक्ष सात वर्षे पूर्ण झाल्यावर दरवर्षी मिळावी. रजा हे केवळ चांगल्या वर्तनाचे बक्षीस असते, तर तिचा वेग शिक्षेच्या आरंभापासून अखेरपर्यंत सारखा राहिला असता. तो अखेरीस दुप्पट होतो, याचा अर्थ नियमकर्त्यांच्या डोळ्यांसमोर सुटकेचा दिवस होता. जसजसा तो दिवस जवळ येईल तसतसे बंद्याचे घराशी जाणेयेणे वाढावे, हा त्यातील आशय आहे. पुढे नियमांत वेळोवेळी फेरफार झाले, रजेचे दिवस व पात्रतेची वर्षे बदलली. परंतु ही मूळ कल्पना समजून घेतल्याशिवाय नंतरच्या दुरुस्त्यांचा अर्थ लागत नाही.

अभिवचन रजेचे तत्त्व निराळे. तिला कारण लागते. कुटुंबातील व्यक्तीचे किंवा निकटच्या आप्ताचे गंभीर आजारपण वा मृत्यू, अथवा अन्य पुरेसे कारण, अशी मूळ नियमाची भाषा होती. संचित रजेला असे कारण दाखवावे लागत नाही; तुरुंगवासाचा एकसुरीपणा मोडावा आणि संसाराशी व समाजाशी असलेला धागा तुटू नये, एवढेच तिचे प्रयोजन. दुसरा भेद हिशोबाचा आहे आणि बंद्याच्या दृष्टीने तोच जिव्हाळ्याचा. संचित रजेचा काळ, ती शर्तीप्रमाणे भोगली गेल्यास, शिक्षेत माफी म्हणून धरला जातो. अभिवचन रजेचा काळ धरला जात नाही. आईच्या अंत्यसंस्कारासाठी घेतलेले दिवस शिक्षेच्या शेवटी पुन्हा भरून द्यावे लागतात. त्यामुळे बंदी संचित रजेची वाट पाहतो आणि अभिवचन रजेचा विचार अडचणीतच करतो. तिसरा भेद अधिकाऱ्याचा. संचित रजा कारागृह विभागाचे वरिष्ठ अधिकारी मंजूर करतात. अभिवचन रजेचा अधिकार सर्वसाधारणपणे महसुली विभागाच्या आयुक्तांकडे राहिला. नाशिकच्या बाबतीत यात एक मौज आहे. विभागीय आयुक्तांचे कार्यालय आणि मध्यवर्ती कारागृह दोन्ही नाशिकरोडलाच आहेत. पण अर्जाचा निर्णय व्हावयाचा तो बंदी जेथे जाऊन राहणार त्या गावच्या पोलीस ठाण्याच्या अहवालावर. सुरगाण्याच्या डोंगरातील पाडा असो की नंदुरबारकडचे खेडे, तेथला अहवाल आल्याखेरीज कागद पुढे सरकत नाही.

नाशिकरोडचे कारागृह १९२७ मधील. राज्यातील मोठ्या मध्यवर्ती कारागृहांपैकी ते एक असून दीर्घ मुदतीच्या शिक्षा झालेले बंदी तेथे पाठविले जातात. मराठी वाचकाला या वास्तूची ओळख एका वेगळ्याच कारणाने असते. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिली. घरापासून तोडलेला माणूस रात्रीच्या निवांत वेळी घराविषयीच लिहितो, ही गोष्ट दंडशास्त्राच्या अभ्यासकानेही लक्षात ठेवण्याजोगी आहे. पण तो विषय येथे वाढवीत नाही. शहरात किशोर सुधारालयही आहे. त्याचा उल्लेख पुढे येईल.

तात्पुरत्या वा सशर्त सुटकेची कल्पना भारतीय नाही, तशी ती अर्वाचीनही नाही. १८४० मध्ये अलेक्झांडर मॅकोनॉकी नावाच्या अधिकाऱ्याने ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटावरील काळ्या पाण्याच्या वसाहतीत गुणांची पद्धत चालू केली. शिक्षा वर्षांनी मोजण्याऐवजी कष्ट व वर्तन यांच्या गुणांनी मोजावी आणि बंद्याने एकेक पायरी चढत स्वातंत्र्याकडे यावे, असे तिचे स्वरूप होते. १८५४ पासून आयर्लंडमध्ये वॉल्टर क्रॉफ्टन याने तीत एक पायरी घातली. पूर्ण तुरुंग आणि पूर्ण मोकळीक यांच्यामध्ये लस्क येथे त्याने एक मधले ठिकाण काढले. तेथे थोडे बंदी साध्या निवाऱ्यात, नाममात्र पहाऱ्यात राहून काम करीत. सुटकेपूर्वी स्वातंत्र्याचा सराव झाला पाहिजे, हे तत्त्व तेथे प्रथम स्पष्टपणे प्रत्यक्षात आले. आपल्याकडे अंदमानात शिक्षेची काही वर्षे नीट वागून काढलेल्या बंद्यास ‘तिकीट’ मिळे आणि तो वसाहतीत स्वकष्टावर राहू शके. परंतु त्यामागे सुधारणेपेक्षा वसाहतीला माणूसबळ पुरविण्याचा हिशोब अधिक होता. सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने प्रथमच, बंद्याची सुधारणा हे तुरुंगाचे एक कार्य आहे असे सरकारी अहवालात मांडले.

महाराष्ट्राच्या भूमीवरचा पहिला धाडसी प्रयोग मात्र ब्रिटिश मुलखात झाला नाही. १९३९ मध्ये औंध संस्थानात, राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या कारकिर्दीत आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश गांधीवाद्याच्या पुढाकाराने, आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही बंद्यांची मुक्त वसाहत वसविण्यात आली. शेती करावयाची, कुटुंबाला जवळ ठेवावयाचे, भिंत नाही. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच परिसरातले. स्वातंत्र्योत्तर काळात येरवड्याला व पुढे पैठणला खुली कारागृहे निघाली, १९७१ मध्ये महाराष्ट्राचे खुल्या कारागृहांचे नियम झाले. १९५९ चे रजेचे नियम याच वातावरणात जन्मले. संयुक्त राष्ट्रसंघाचे तज्ज्ञ वॉल्टर रेक्लेस १९५१-५२ मध्ये भारतातील तुरुंग पाहून गेले होते, आणि १९५७ पासून अखिल भारतीय तुरुंग नियमावली समिती आदर्श नियमावलीच्या रचनेत गुंतली होती.

खुले कारागृह आणि रजा यांत एक फरक मात्र नीट ध्यानात घ्यावा. खुल्या कारागृहात बंदी भिंतीबाहेर असतो पण शासनाच्या मुलखात असतो. रजेवर तो स्वतःच्या मुलखात जातो. पहिल्यात त्याची श्रमनिष्ठा कसाला लागते, दुसऱ्यात त्याचे नाते. सुटल्यानंतर त्याला राहावयाचे असते ते नात्यांच्या मुलखात. म्हणून पूर्वतयारी या दृष्टीने रजेचे मोल अधिक.

आणि येथेच व्यवस्थेतील मूळ अडचण समोर येते. मूळ नियमांप्रमाणे, रजेच्या काळात आपणांस ठेवून घेण्यास तयार असलेला आणि जामीनकतबा लिहून देणारा आप्त असल्याखेरीज बंद्यास संचित रजा मिळत नाही. अट अवाजवी नाही. बंदी कोठे राहील, त्याला कोण जेवू घालील, तो परत न आल्यास कोणाला विचारावयाचे, याचे उत्तर प्रशासनाला हवेच. पण तिचा परिणाम काय होतो ते पाहावे. ज्याचे घर शाबूत आहे, भाऊ विचारपूस करतात, बायको भेटीला येते, त्याला रजा मिळते, आणि रजेमुळे ते घर आणखी शाबूत राहते. ज्याची माणसे तुटली, ज्याच्या गुन्ह्यात घरातलाच कोणी बळी पडला, ज्याचे कुटुंब ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीला स्थलांतर करते, त्याला हमी देणारा मिळत नाही. म्हणून रजा नाही. म्हणून उरलेला धागाही तुटतो. पूर्वतयारीची सर्वांत अधिक गरज असलेला बंदी पूर्वतयारीच्या साधनापासून सर्वांत दूर राहतो. स्त्रीबंद्यांच्या बाबतीत तर ही कोंडी दुहेरी होते. सासर दार लावते आणि माहेराला लोकापवादाची भीती वाटते. अशा वेळी ‘ठेवून घेण्यास तयार असलेला आप्त’ हे शब्द कागदावर कितीही निरुपद्रवी दिसले, तरी प्रत्यक्षात ते दार बंद करणारे ठरतात.

पोलीस अहवालाचेही असेच. सार्वजनिक शांततेच्या कारणावरून पोलीस वा जिल्हा दंडाधिकारी यांनी शिफारस न केल्यास संचित रजा नाकारता येते. ज्या गावात खून झाला त्याच गावात, पुष्कळदा त्याच आळीत, बंद्याचे व मयताचे घर असते. मयताच्या मुलाने आपल्या बापाच्या मारेकऱ्याला दिवाळीत ओट्यावर बसलेले पाहावे, ही कल्पना अधिकाऱ्याला अस्वस्थ करते, आणि ती अस्वस्थता खोटी नाही. बंद्याच्या सुधारणेचा विचार करणाऱ्या लेखकांनी मयताच्या घरच्यांचा विचार फारसा केलेला नाही, असे माझे मत झाले आहे. परंतु सुटकेचा दिवस कधीतरी येणारच आहे आणि त्या दिवशी तो माणूस त्याच आळीत जाणार आहे, हेही तितकेच खरे. त्या दोन घरांचा पहिला आमनासामना पोलिसांना कळवून, ठराविक दिवसांसाठी, परतीच्या तारखेसह व्हावा की कायमच्या सुटकेच्या दिवशी अकस्मात व्हावा, असा खरा प्रश्न आहे. ‘शांतताभंगाची शक्यता’ एवढ्या शब्दांच्या अहवालात या प्रश्नाला जागा नसते.

मूळ नियमांत काही वर्ग संचित रजेतून वगळलेले होते : सराईत गुन्हेगार, भारतीय दंडसंहितेच्या ३९२ ते ४०२ या कलमांखालील म्हणजे जबरी चोरी व दरोड्याचे बंदी, दारूबंदी कायद्याखालील बंदी, रत्नागिरीच्या विशेष कारागृहात ठेवलेले बंदी, तुरुंगातून पळालेले वा पळण्याचा प्रयत्न केलेले आणि पूर्वीच्या रजेवरून वेळेवर न परतलेले बंदी. यांतील शेवटचे दोन वर्ग व्यक्तीच्या वर्तनावरून ठरतात. पहिले बरेचसे गुन्ह्याच्या नावावरून. वर्तन आणि नाव यांच्यातील हा ताण पुढे वाढत गेला, आणि तो वाढण्यास निमित्त झाले ते नाशिकरोडचेच एक प्रकरण.

मुंबईतील एका तरुण महिला वकिलाचा २०१२ मध्ये तिच्या राहत्या घरी, इमारतीच्या पहारेकऱ्याकडून खून झाला. २०१४ मध्ये त्यास जन्मठेपेची शिक्षा झाली. नाशिकरोड कारागृहातून २०१६ च्या आरंभी त्यास आईच्या आजारपणाच्या कारणावरून अभिवचन रजा मिळाली आणि तो परतला नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात जम्मू-काश्मीरमध्ये तो पुन्हा पकडला गेला. मधल्या काळात लोकक्षोभ झाला. शिक्षा लागून पुरती दोन वर्षेही न झालेल्या, राज्याबाहेरच्या बंद्याला कोणाच्या हमीवर सोडले, हा विचारलेला प्रश्न न्याय्यच होता. ऑगस्ट २०१६ मध्ये शासनाने नियमांत दुरुस्ती केली आणि बलात्कार, दहशतवादी कृत्ये, खंडणीसाठी अपहरण, अमली पदार्थांचा व्यापार अशा गुन्ह्यांच्या बंद्यांना रजेची कवाडे मोठ्या प्रमाणावर बंद झाली.

या घटनाक्रमातील तर्कदोष अभ्यासकाने बारकाईने पाहावा. जे फसले ती अभिवचन रजा होती, म्हणजे कारणावर आधारलेली. पण संकोच संचित रजेचाही झाला. जे चुकले ते एका व्यक्तीविषयीचे अनुमान होते : तिची मुळे कोठे आहेत, हमीदार कोण, किती शिक्षा भोगून झाली, परत येण्यात तिचे हित किती. पण उपाय योजला तो गुन्ह्यांच्या वर्गांवर. अमेरिकेत अगदी असेच घडले होते. मॅसॅच्युसेट्स राज्यात १९७२ पासून चालू असलेल्या रजा-योजनेत विली हॉर्टन हा जन्मठेपेचा बंदी १९८६ मध्ये रजेवरून परतला नाही आणि पुढच्या वर्षी त्याच्या हातून भयंकर गुन्हा घडला. १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तो प्रचाराचा विषय झाला, आणि जन्मठेपेच्या बंद्यांच्या रजा तेथे बंद झाल्या. एका अपयशाची बातमी होते. ज्या असंख्य रजा मुदतीत संपतात त्यांची बातमी होत नाही, कारण तेथे काहीच घडलेले नसते. दंडप्रशासनाच्या दृष्टीने ‘काहीच न घडणे’ हेच तर यश. पण ते दाखविता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या अस्फाक प्रकरणात या ताणाची दखल घेतली. केवळ गुन्ह्याच्या स्वरूपावरून अभिवचन रजा सरसकट नाकारू नये, मात्र गंभीर गुन्ह्यांत अधिक कडक कसोटी लावावी, असे मत न्यायालयाने दिले. त्या प्रकरणातील बंद्यास, जो बाँबस्फोटाच्या खटल्यातील होता, स्वतःला मात्र रजा मिळाली नाही. २०२१ च्या वर उल्लेखिलेल्या निर्णयात न्यायालयाने दुसरी बाजू ठासून मांडली. संचित रजेस कारण लागत नसले तरी ती बंद्याचा निरपवाद हक्क नव्हे. समाजाचे हितही तोलावे लागते. १९५९ च्या नियमांतच, या नियमांमुळे संचित रजेचा कायदेशीर हक्क निर्माण होत नाही, असे कलम होते. हक्क नव्हे आणि निव्वळ मेहेरबानीही नव्हे, अशा मधल्या जागी ही रजा उभी आहे. त्या जागेला मराठीत नेमका शब्द नाही. ‘सवलत’ अपुरा पडतो.

एप्रिल २०१८ च्या दुरुस्तीने नियमांत रजेची उद्दिष्टे प्रथमच शब्दांकित झाली. कौटुंबिक जीवनात सातत्य राहावे, सलग तुरुंगवासाच्या दुष्परिणामांपासून बचाव व्हावा, आत्मविश्वास टिकावा, भविष्याविषयी विधायक आशा व जीवनात रस निर्माण व्हावा, असा त्यांचा आशय. सुमारे साठ वर्षे जे गृहीत होते ते लिहिले गेले, हे चांगलेच झाले. गमतीची गोष्ट अशी की ज्या काळात उद्दिष्टे इतकी उदारपणे लिहिली गेली, त्याच काळात पात्रता आकुंचित होत होती.

महासाथीने या व्यवस्थेची अनपेक्षित परीक्षा घेतली. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांतील गर्दी कमी करण्यासाठी राज्यांना उच्चाधिकार समित्या नेमण्यास सांगितले, आणि ८ मे २०२० रोजी महाराष्ट्राने नियमांत आकस्मिक अभिवचन रजेची तरतूद घातली. प्रथम पंचेचाळीस दिवस आणि मग तीस-तीस दिवसांची वाढ, अशी ती रचना होती. सात वर्षांहून अधिक शिक्षेच्या बंद्यांसाठी जी अट ठेवण्यात आली ती येथे महत्त्वाची आहे : मागील दोन वेळच्या सुटकांच्या प्रसंगी, मग ती संचित रजा असो वा अभिवचन रजा, बंदी वेळेवर परतलेला असावा. म्हणजे पूर्वीचे परतणे हेच तारण मानले गेले. वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेत न भरलेल्या त्या तारखा अचानक बंद्याची पत ठरल्या. परंतु ज्याला आधी कधी रजाच मिळाली नव्हती त्याचे काय? अक्षरशः वाचल्यास त्याला या अटीने बाद केले असते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्येच, जे पूर्वी सुटलेच नाहीत त्यांना ही अट लावू नये, असा अर्थ लावून ती अडचण दूर केली. वर सांगितलेल्या हमीदाराच्या चक्राचेच हे दुसरे रूप होय : रजा मिळाली नाही म्हणून पत नाही, आणि पत नाही म्हणून रजा नाही. मे २०२२ मध्ये या बंद्यांना परत बोलावण्यात आले. दोन वर्षे बाहेर राहून, काम धरून, क्वचित लग्न करून स्थिरावलेल्या माणसाला उरलेली शिक्षा भोगण्यास परत येणे किती जड गेले असेल, याची कल्पना करता येते. काही परतलेच नाहीत.

आता पूर्वतयारी या शब्दाचा प्रत्यक्ष आशय काय, याकडे वळू. पंधरा-वीस दिवसांत बंदी काय करू शकतो? सातबारावर आपले नाव आहे की भावांनी वाटणी करून घेतली हे तो पाहू शकतो. शिधापत्रिकेतून नाव गेले असल्यास अर्ज करू शकतो, बँकेत खाते उघडू शकतो, मुलाच्या शाळेत जाऊ शकतो. शेती असल्यास हंगाम महत्त्वाचा. नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराच्या घरी एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी हे दोन काळ मनुष्यबळाचे. कोरडवाहू पट्ट्यात मृगाची पेरणी. पंजाबच्या १९६२ च्या बंदी तात्पुरती सुटका अधिनियमात नांगरणी, पेरणी व कापणी ही कारणे, घरात दुसरे कोणी करणारे नसल्यास, स्पष्टपणे नमूद केलेली आहेत. आपल्या मूळ नियमांत ती ‘अन्य पुरेसे कारण’ या पोतडीत शोधावी लागत. हा केवळ शब्दांचा भेद नव्हे. पेरणीसाठी घरी आलेला माणूस गावाच्या नजरेस कामकरी म्हणून पडतो. आजारी आईला भेटावयास आलेला माणूस कैदी म्हणूनच पडतो.

याहून मोठी उणीव नोकरी-धंद्याच्या बाबतीत आहे. नाशिकरोडच्या कारागृहात विणकाम, सुतारकाम असे उद्योग चालतात. अलीकडच्या काळात बंद्यांनी घडविलेल्या गणेशमूर्तींना शहरात मागणी असते. सुतारकाम शिकलेल्या बंद्याला सुटल्यावर काम मिळावयाचे ते सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत किंवा शहरातल्या एखाद्या कारखानदाराकडे. पण रजेच्या शर्तीप्रमाणे त्याने ठरलेल्या पत्त्यावर राहावयाचे असते, आणि तो पत्ता पेठ वा कळवण तालुक्यातला असतो. रजा त्याला घरी नेते, कामाकडे नेत नाही. इंग्लंडमध्ये तात्पुरत्या परवान्यावरील सुटकेचे प्रकारच वेगळे पाडलेले आहेत. पुनर्वसनासाठी दिवसापुरती सुटका, रात्रीच्या मुक्कामासह सुटका, लहान मुलांच्या संगोपनासाठी सुटका आणि विशेष प्रसंगासाठी सुटका, असे ते प्रकार. पश्चिम जर्मनीच्या १९७६ च्या दंडांमलबजावणी कायद्याने वर्षाला एकवीस दिवसांपर्यंत रजा देता येई, आणि तिच्याखेरीज दिवसा बाहेर कामाला जाऊन रात्री तुरुंगात परतण्याची वेगळी सोय होती. आपल्या दोन रजा कुटुंबाभोवती आखल्या गेल्या. संयुक्त कुटुंबाच्या काळात कुटुंबातच शेती व धंदा येत असल्यामुळे ते पुरेसे होते; आता नाही.

यावरचा एक धडा आपल्याच कायद्यात, आणि नाशिक शहरातच, पडून आहे. १९२९ च्या मुंबई बोर्स्टल शाळा अधिनियमाखाली किशोर सुधारालयातील तरुण बंद्यास मुदतीपूर्वी परवान्यावर सोडता येते, आणि तो परवाना एखाद्या जबाबदार व्यक्तीच्या वा संस्थेच्या देखरेखीखाली राहण्याचा असतो. हमीदार आणि देखरेख करणारा यांतील फरक मोठा आहे. हमीदार पैशाने बांधलेला असतो आणि बंदी न परतल्यास भुर्दंड सोसतो. देखरेख करणाऱ्याने काम शोधून द्यावयाचे, अडचण ऐकावयाची, वेळीच सूचना द्यावयाची असते. प्रौढ बंद्याच्या रजेत पहिला आहे, दुसरा नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यामुळे जिल्ह्याजिल्ह्यांत परिवीक्षा अधिकारी आलेले आहेत, अनुरक्षणाच्या संस्थाही आहेत. ज्या बंद्यास ठेवून घेणारा आप्त नाही त्याच्यापुरते तरी अनुरक्षणगृहाचा पत्ता आणि परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख हमीदाराच्या जागी स्वीकारली, तर हमीचे ते चक्र तुटू शकेल. केंद्र शासनाने २०२३ मध्ये राज्यांना पाठविलेल्या आदर्श कारागृह कायद्यात रजेवरील बंद्याच्या संमतीने त्याच्या अंगावर इलेक्ट्रॉनिक मागोवा-यंत्र बसविण्याची कल्पना आहे. ते यंत्र बंदी कोठे आहे एवढे सांगेल. तो काय करतो, कोणाकडे जेवतो, काम मिळाले की नाही, हे सांगणार नाही.

या प्रश्नाची व्याप्ती किती, हेही ध्यानात असावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांनुसार भारतातील कारागृहांत शेकडा सुमारे ७६ बंदी न्यायाधीन म्हणजे कच्चे आहेत. त्यांना या दोन्ही रजांचा उपयोग नाही. त्यांचा मार्ग जामिनाचा. उरलेल्या सिद्धदोष बंद्यांतून शिक्षेची मुदत, गुन्ह्याचा वर्ग, वर्तन, पोलीस अहवाल आणि हमीदार या पाच चाळण्यांतून जे खाली उतरतात तेवढ्यांचाच हा विषय आहे.

संशोधनाला येथे भरपूर वाव आहे, आणि तो फार खर्चाचा नाही. एकाच कारागृहाचा, एका दशकाचा, पुढील कागदांवरून अभ्यास करता येईल : बंद्याचा अर्ज, त्यावरचा पोलीस अहवाल, नाकारल्यास नकाराचे कारण आणि मंजूर झाल्यास परतीची तारीख. हमीदार नसल्यामुळे अर्जच न केलेल्या बंद्यांची गणना मात्र या कागदांत सापडणार नाही. ती करावयाची तर कारागृहातील भेटींच्या नोंदी पाहाव्या लागतील, आणि ज्यांच्या नावापुढे वर्षभरात एकही भेट लागलेली नाही अशांपासून आरंभ करावा लागेल.